शेवंतीचा बारमाही झरा

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'फील्ड मिशन को-ऑर्डिनेटर' असं छापलेलं होतं. भांडुपच्या आमच्या चाळीत ते कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून आई शेजारणींना आपल्या मालवणीत सांगायची, "आमची मंगल गोऱ्या पावण्यांका शेत दाखयता." एवढी वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यावर मला वाटतं, कार्डापेक्षा आईचीच व्याख्या बरोबर होती.

आमचं ऑफिस अंधेरीला, विमानतळाजवळ. चार खोल्या, सहा माणसं आणि वर कामतसाहेब. जगातली शेती कशी असावी याची धोरणं लिहिणाऱ्या मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था असतात. त्यांची माणसं इकडे आली की गाडी, हॉटेल, भेटीगाठी, दुभाषा आणि 'प्रत्यक्ष शेतकरी' असं सगळं आम्ही पुरवायचो. दुभाषाचं काम माझं आणि शेतकरी शोधायचंही माझंच.

आता शेतकरी पुरवायचा म्हणजे काय, ते कळायला आधी धोरण कसं शिजतं ते कळायला हवं. सुरुवातीला दूरच्या कुठल्यातरी शहरात एक चार पानी टिपण निघतं. त्यात म्हटलेलं असतं की शेती शाश्वत व्हायला हवी, म्हणजे आजचं पोट भरताना उद्याची माती, पाणी आणि बियाणं संपता कामा नये. याला नाही कोण म्हणेल? मग ते टिपण घेऊन दोन-चार तज्ज्ञ देशोदेशी फिरतात, त्याला 'मिशन' म्हणतात. मंत्रालयात बसतात, विद्यापीठात बसतात आणि अर्धा दिवस शेतावर जातात. परत जाऊन मसुदा लिहितात. तो मसुदा सगळे सदस्य देश वाचतात आणि प्रत्येक जण त्यातला एकेक शब्द बदलायला सांगतो. दोन वर्षांनी जे उरतं ते मार्गदर्शक पुस्तक म्हणून छापलं जातं, आणि त्याच्या आधारावर कुठल्यातरी डोंगरातल्या बाईला कुणीतरी जाऊन सांगतं की बाई गं, तू आता अशी शेती कर.

या सगळ्या प्रवासात खऱ्या मातीला पाय लागतो तो फक्त त्या अर्ध्या दिवसात. आणि तो अर्धा दिवस माझ्या हातात असायचा. त्याच्या अटीही ठरलेल्या. संध्याकाळच्या विमानाआधी परत यायला हवं. संडास स्वच्छ हवा. बसायला सावली हवी. शेतकरी बोलका हवा, बाई असली तर फारच छान, आणि मागे पुढारी उभा नको. या अटींत बसणारं गाव शोधून बघा, मग माझ्या नोकरीची कदर कराल.

शेवंती मला अशा शोधात सापडली नाही. ती आधीपासून माझी भाजीवाली होती. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावरून ती रोज टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसायची. लाल माठ, दोडकी, वालाच्या शेंगा, श्रावणात रानभाज्या. मी भांडुपहून मुद्दाम तिच्यासाठी पुढे मुलुंडपर्यंत जायची. वयाने आम्ही सारख्या, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अगं-तुगं झालेलं.

एकदा माती तपासणाऱ्यांचं मिशन आलं आणि त्यांचं विमान पाच तास उशिरा. शहापूरच्या पुढे ठरवलेला सगळा कार्यक्रम कोसळला. कामतसाहेब डोकं धरून बसले. "मंगल मॅडम, वाट लागली. तीन तासात शेत कुठून आणायचं?" मी म्हटलं, "साहेब, मुलुंडला आहे." ते माझ्याकडे बघतच राहिले. मुलुंडला बिल्डर असतात, शेत असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आम्ही पवईवरून पाऊण तासात पाड्यावर पोचलो. शेवंतीने घरामागचे वाफे दाखवले. बायकांनी मिळून बांधलेला संडास होता, आंब्याची सावली होती. वर उतारावर पावसाळ्यातली नाचणी, खाली बारा महिने हिरवी भाजी. पाहुण्यांत एल्साबाई नावाच्या उंच, पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. थंड देशातल्या, पण मातीत हात घालायला जराही न कचरणाऱ्या. त्यांनी वाफ्यातली मूठभर माती नाकाला लावली आणि डोळे मिटले. शेवंती माझ्या कानात म्हणाली, "हिला विचार, भजी करू का मातीची?" मी इंग्रजीत सांगितलं की तुम्ही आल्याचा तिला आनंद झाला आहे.

त्या दिवशी मी एक चूक केली. ती छोटी होती, म्हणून लांबवर गेली.

प्रत्येक भेटीनंतर एक फॉर्म भरायचा असे. त्यात 'पाण्याचा स्रोत' असा रकाना. नैसर्गिक, विहीर, कालवा, इतर. शेवंतीचं पाणी कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पाड्याच्या वरच्या अंगाला शहराला पाणी नेणारी जुनी मोठी पाइपलाइन आहे. तिच्या एका जोडातून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं आणि नाल्यात जात होतं. शेवंतीच्या सासूने दगड लावून त्याचा एक बारीक पाट वाफ्यांकडे वळवला होता. एवढंच. मी 'इतर'वर खूण केली. कामतसाहेब म्हणाले, "इतर लिहिलं की वेगळं स्पष्टीकरण जोडावं लागतं, ते तीन वेळा परत येतं. पाणी डोंगरावरूनच येतंय ना?" डोंगरावरून येत होतं हे खरं. मी खोडून 'नैसर्गिक'वर खूण केली. अहवालात त्याचा झाला बारमाही झरा.

ती भेट इतकी झकास झाली की मग शेवंती आमची ठरलीच. धोरणवाल्यांत दर दोन-तीन वर्षांनी एका शब्दाची लाट येते. मातीची लाट ओसरली, हवामानाची आली. मग महिलांची, मग पोषणाची, मग बियाण्यांची. प्रत्येक लाटेचं मिशन वेगळ्या संस्थेचं, आणि प्रत्येकाला मी घेऊन जायची मुलुंडला. शेवंती पक्की तयार झाली. आम्ही गाडीतून उतरत असतानाच मला विचारायची, "ही कसली आहेत गं?" मी म्हणायची, "पोषण." की ती शेवग्याच्या झाडाखाली सतरंजी टाकायची. हवामानवाले असले की गेल्या वर्षीच्या वादळाने उडालेलं छप्पर दाखवायची. खोटं काही नव्हतं. छप्पर उडालं होतं आणि शेवगाही तिचाच होता.

एक तरुण तज्ज्ञ होता, त्याने विचारलं, "दिवसातले किती तास तुम्ही घरातल्या म्हाताऱ्यांच्या सेवेत घालवता?" शेवंती म्हणाली, "त्याला विचार, हा इथे फिरतोय तर त्याच्या आईकडे कोण बघतं?" हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. तो बिचारा लाल झाला, आणि आईला फोन करायला आंब्याखाली गेला.

फोटोग्राफर आले की त्यांची वेगळीच धांदल. पाड्याच्या खालीच मुलुंडचे तीस-तीस मजली टॉवर उभे. कॅमेरा कुठेही धरला तरी शेवंतीच्या खांद्यावर कुणाची तरी बाल्कनी दिसायची. मग तिला डोंगराकडे पाठ करून उभी करायचे आणि उरलेला टॉवर नंतर कापायचे. शेवंतीला हे फार गमतीचं वाटे. म्हणायची, "एवढी मोठी बिल्डिंग एका बोटाने उडवतात बघ. आणि आमची एवढीशी झोपडी हलवायला बिल्डर इतकी वर्षं बघतायत, जमलं नाही."

मी या लोकांना हसते, पण मनापासून सांगते, माझा त्यांच्यावर जीव होता. एक वाक्य सगळ्या देशांना मान्य व्हावं म्हणून आठ-आठ दिवस भांडणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून तेवढा धीर कुणी धरत नाही. ती भली माणसं होती. फक्त त्यांचा भलेपणा विमानतळापासून पाऊण तासाच्या आत संपायचा, आणि ते अंतर मी आखलेलं होतं.

मग आलं ते मोठं पुस्तक. डोंगराळ भागातली शाश्वत शेती, असा विषय. एल्साबाई त्याच्या प्रमुख. जगभरच्या संस्थांचे जुने अहवाल गोळा करून, त्यातली यशस्वी उदाहरणं घेऊन ते लिहायचं होतं. त्याचा मसुदा मराठी सारांशासाठी माझ्याकडे आला. मी एका रविवारी घरी चहा घेऊन वाचायला बसले.

भारताच्या भागात पाच शेतकरी बायका होत्या. नावं अर्थातच नव्हती, कारण खाजगीपणा जपायचा नियम असतो. पश्चिम भारतातली एक आदिवासी शेतकरी. एक चाळिशीतली कुटुंबप्रमुख. बचत गटाची एक सदस्य. अशा पाच. पाचही जणी डोंगरउतारावर, पाचही जणींकडे नैसर्गिक झरा, पाचही जणी नाचणीबरोबर भाजी करून सुखी. म्हणून निष्कर्ष असा की डोंगराळ भागात भाजीचे वाफे यशस्वी होतात, हे पाच वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झालं आहे.

तिसऱ्या बाईचं एक वाक्य होतं, "माती जेवली की मगच ती आपल्याला वाढते." मी चहाचा कप खाली ठेवला. ते इंग्रजी माझं होतं. शेवंती म्हणाली होती "शेण घातल्याशिवाय काय नाय उगवत", आणि त्याचं हे सोनं मी केलं होतं. मग मी पाचही जणी पुन्हा वाचल्या. पाचही जणी माझ्याच इंग्रजीत बोलत होत्या. पाच संस्था, पाच अहवाल, पाच बायका, आणि शेवंती एक. पाचातली एक खुद्द एल्साबाईंनी लिहिलेली, त्यामुळे उरलेल्या चार दुसऱ्या कुणी असतील अशी त्यांची समजूत होणं साहजिक होतं.

मी आधी हसले. खूप हसले. सोमवारी कामतसाहेबांना सांगितलं, ते हसले नाहीत. म्हणाले, "मंगल मॅडम, हे पुस्तक झालं की ते पुढची पाच वर्षं आपल्याला काम देणार आहेत. उदाहरण खरं आहे ना? मग एकदा सांगितलं काय नि पाचदा काय."

संध्याकाळी मुलुंडला उतरून शेवंतीला ती गंमत सांगितली. वाटलं, पोट धरून हसेल. ती माठाची जुडी बांधत होती, ती तशीच हातात राहिली.

"हे पुस्तक कुठे कुठे चालवणार?" तिने विचारलं.

"सगळीकडे. आपल्याकडे मोखाड्याच्या बाजूला तर जुन्या अहवालांवरून आधीच सुरूही झालंय, नमुन्यादाखल."

"सोनीकडे," ती म्हणाली.

सोनी तिची एकुलती लेक. मोखाड्याच्या वर, उतारावरच्या एका पाड्यात दिलेली. शेवंतीने जे सांगितलं त्याने माझं हसू गेलं. सोनीच्या पाड्यावर वर्षभरापासून प्रशिक्षणवाले येत होते. नाचणी कमी करा, भाजीचे वाफे करा, असं शिकवायला. त्यांच्या तक्त्यावर एका बाईचा फोटो होता, मागे नुसता डोंगर. सोनी म्हणाली, ही माझी आई. कुणी विश्वास ठेवला नाही. तिथे पाणी खालच्या विहिरीवर, चढ अर्ध्या तासाचा. बायका वाफ्यांसाठी हंडे वाहत होत्या.

"माझा फोटो दाखवून माझ्याच पोरीला हंडे वाहायला लावतात," शेवंती म्हणाली. "आणि तू हसतेस गं."

आई म्हणायची, "खऱ्याक पाठांतर लागणा नाय." माझ्या एका खुणेचं केवढं पाठांतर पाच संस्थांनी केलं होतं.

पुढच्याच महिन्यात पडताळणीची भेट होती. मसुद्यातली उदाहरणं खरी आहेत ना, हे छापण्याआधी बघायचं. एल्साबाई स्वतः आल्या. कामतसाहेबही कडक इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले, म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला. एल्साबाईंनी शेवंतीला बघताच मिठी मारली, वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि वही उघडली. पहिला प्रश्न मी मराठीत सांगायच्या आत शेवंती म्हणाली, "मंगल, हिला म्हणावं वही मीट. वर यायचंय."

तिने एल्साबाईंचा हात धरला आणि पाटाच्या कडेने चढायला लागली. मी मागे, कामतसाहेब माझ्यामागे धापा टाकत. वर पाइपलाइनपाशी गेल्यावर शेवंतीने बाईंचा तळवा त्या जोडाखाली धरला. पाणी बोटांवरून ओघळायला लागलं.

"हा माझा झरा," शेवंती म्हणाली.

मग तिने बाईंना दोन्ही खांद्यांना धरून मुलुंडकडे वळवलं. समोर टॉवरच टॉवर. "आणि हे माझं गिऱ्हाईक. ह्या बिल्डिंगींत माझी भाजी खपते. माझ्या सोनीकडे ना पाइप, ना बिल्डिंग. तिला कशाला माझ्यासारखं करायला लावता?"

एल्साबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कामतसाहेब खोकले. ते खोकणं मला चांगलं कळत होतं. इतक्या वर्षांत मी शेवंतीची कितीतरी वाक्यं गुळगुळीत करून दिली होती, आणखी एक दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी प्रत्येक शब्द जसाच्या तसा सांगितला. आणि शेवटी माझं एक वाक्य जोडलं, की फॉर्मवरची 'नैसर्गिक'ची खूण माझी होती.

ओला हात बाईंनी पुसलाही नाही. मग विचारलं, "आमच्या पुस्तकातल्या पाचांपैकी ही किती?"

मी शेवंतीला विचारलेलं सांगितलं. ती म्हणाली, "किती गं?"

"पाचही."

"मग माझं दमणं बरोबर आहे," शेवंती म्हणाली.

एल्साबाई हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी परतीचं विमान पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोखाड्याला निघालो, कार्यक्रमात नसलेल्या, संडासाची चौकशी न केलेल्या गावी. सोनीने वाफे दाखवले. रोपं माना टाकून पडलेली. एल्साबाईंनी एकही ठरलेला प्रश्न विचारला नाही. सोनीबरोबर विहिरीपर्यंत उतरल्या आणि एक हंडा घेऊन चढल्या, म्हणजे अर्ध्यापर्यंत, पुढे तो मी घेतला. वर आल्यावर सोनीने तिच्या आईसारखंच तोंडावर विचारलं, "एवढ्या पाण्यात माझी पोरं न्हाऊ घालू का मुळे पिकवू?" तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

पुस्तक वर्षभर लांबलं. पाचातल्या चार बायका गळल्या. डोंगराच्या प्रकरणात अगदी वर दोन वाक्यं आली, की वाफे सुचवण्याआधी पाणी आणि बाजार दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि आहे ती नाचणी मोडू नका. दोनच वाक्यं, पण ती सगळ्या देशांकडून मान्य करून घ्यायला एल्साबाईंनी वर्ष घालवलं. सोनीच्या पाड्यावरचे हंडे थांबले. पुढच्या मृगात तिथे पुन्हा नाचणी पेरली गेली. आमच्या ऑफिसला मात्र ते काम मिळालं नाही. कामतसाहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नवव्या दिवशी माझ्या टेबलावर चहा ठेवून म्हणाले, "बरोबर केलंत. पण मला आधी सांगायचं ना." मी सांगितलं होतं, पण आता तो वाद नको म्हणून चहा प्यायले.

इथे संपलं असतं तर मी हा लेख मोठ्या अभिमानाने लिहिला असता.

त्या पडताळणीच्या भेटीनंतर मी फॉर्म नव्याने भरला होता. या वेळी 'इतर'वर खूण केली आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जलवाहिनीच्या जोडातून झिरपणारं पाणी.' लिहिताना छाती जरा फुगली होती. तो फॉर्म नियमाप्रमाणे परिशिष्टात गेला, आणि परिशिष्ट नियमाप्रमाणे संबंधित खात्यांकडे माहितीसाठी गेलं. माझ्या सगळ्या नोकरीत परिशिष्ट वाचलेला माणूस मला भेटला नव्हता. या वेळी कुणीतरी ते वाचलं. चूक त्याची काहीच नाही, गळती दिसली तर बंद करायचीच. निवृत्त व्हायच्या सुमारास मुलुंडला गेले, तर शेवंती तिच्या जागेवर नव्हती. शेजारची म्हणाली, "तिच्याकडे आता पावसापुरतीच भाजी असते. पाइप दुरुस्त केला ना."

पाड्यावर जायला मला पंधरा दिवस लागले, तेवढी हिंमत गोळा करायला. वाफ्यांना भेगा पडल्या होत्या. मोरीच्या पाण्यावर तेवढा अळू हिरवा होता. शेवंती आंब्याखाली नाचणी पाखडत होती.

मी म्हटलं, "शेवंती, ती ओळ मी लिहिली."

"ठाऊक आहे. दुसरं कोण लिहिणार?"

"पाणी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"माझ्या आलं होतं," ती सूप न थांबवता म्हणाली. "पाइप दाखवला की पाइप बुजवणारच. तिचा हात धरून मीच नेलं ना वर."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. तिने थोडा वेळ मला रडू दिलं, मग सुपातली मूठभर नाचणी माझ्या ओंजळीत घातली. म्हणाली, सोनीकडची आहे, यंदा चांगली झाली. मी ती पदराच्या टोकात बांधली.

शेवंतीने माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघितलं. तिथे नेहमी फॉर्मची पिशवी असायची.

"वही-पेन नाय आणलंस आज?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सतरंजी जरा माझ्याकडे सरकवली. "बस मग. शेती कशी करतात ते सांगते तुला."